मुलांच्या पुस्तकात शेजारची वस्ती कधी येणार?

1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मारून टाकले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. भिक्षा मागत फिरणारी ही माणसे गावात आली आणि त्यांच्याकडे बघून जमावाला अफवा खरी वाटली. या घटनेनंतर अफवा, मोबाइल आणि पोलीस यंत्रणा यांवर पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसतो. डवरी गोसावी कोण असतात, वर्षातले किती महिने फिरतात, त्यांची मुले कोणते खेळ खेळतात, हे सांगणारे एखादे गोष्टीचे पुस्तक त्या जमावातील कोणाच्या हाती लहानपणी पडले असेल का?

असे पुस्तक असते तर खून टळले असते, असा भाबडा दावा आम्ही करत नाही. जमाव का तयार होतो याची कारणे अनेक असतात. पण अनोळखी माणूस दिसला की मनात आधी भीती येते की कुतूहल, हे बऱ्याच अंशी लहानपणी ठरते. वर्तमानपत्र वाचण्याच्या, भाषण ऐकण्याच्या, मतदान करण्याच्या कितीतरी आधी मुलाच्या मनात ‘आपली माणसे’ आणि ‘ती माणसे’ अशी यादी तयार झालेली असते. घर, गल्ली, टीव्ही आणि शाळा मिळून ती यादी लिहितात. पुस्तकही ती लिहिते, आणि ठरवले तर पुस्तक ती यादी बदलूही शकते.

आम्ही वस्त्यांमध्ये मुलांसोबत वाचनवर्ग चालवणारे कार्यकर्ते आहोत. वेगवेगळ्या समाजांची एकमेकांना ओळख करून देणारी मुलांची पुस्तके कशी लिहिली जातात, त्यात कोणत्या जागी घसरायला होते आणि आपल्या तरुणांनी यात काय करावे, हे या लेखात समजून घेऊ.

युद्धानंतर पुस्तकांचा पूल

मुलांच्या पुस्तकांकडे या दृष्टीने पाहण्याचा मोठा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत झाला. येल्ला लेपमान या ज्यू पत्रकार बाई नाझी राजवटीमुळे 1936 मध्ये देश सोडून इंग्लंडला गेल्या होत्या. 1945 मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांना महिला आणि युवकांच्या प्रश्नांवरील सल्लागार म्हणून जर्मनीत परत बोलावले. समोर उद्ध्वस्त शहरे होती, मुले उपाशी होती. लेपमान यांचे म्हणणे असे, की मुलांना अन्न तर हवेच. पण बारा वर्षे द्वेषाचे शिक्षण घेतलेल्या या पिढीला जगातील इतर मुलांची ओळखही हवी. त्यांनी सुमारे 20 देशांना पत्रे लिहिली आणि तिथल्या मुलांची पुस्तके पाठवण्याची विनंती केली.

बेल्जियमकडून आधी नकार आला, कारण जर्मनीने त्या देशावर दोनदा आक्रमण केले होते. लेपमान यांनी पुन्हा लिहिले: तिसऱ्यांदा तसे होऊ नये म्हणूनच तुमची पुस्तके हवीत. पुस्तके आली. 1946 मध्ये म्युनिकमध्ये प्रदर्शन भरले, तेही नाझींनी आपल्या कलेचा डंका पिटण्यासाठी बांधलेल्या कलादालनात. लढायला नकार देणाऱ्या फर्डिनांड नावाच्या बैलाची अमेरिकन गोष्ट लेपमान यांनी स्वतः जर्मनमध्ये आणली आणि साध्या वृत्तपत्री कागदावर तिच्या 30,000 प्रती छापून मुलांना वाटल्या.

पुढे 1949 मध्ये म्युनिकला आंतरराष्ट्रीय युवा ग्रंथालय सुरू झाले आणि 1953 मध्ये झुरिकला ‘इंटरनॅशनल बोर्ड ऑन बुक्स फॉर यंग पीपल’ ही संस्था उभी राहिली. या संस्थेतर्फे 1967 पासून 2 एप्रिल हा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन म्हणून साजरा होतो. यातली एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. लेपमान यांनी जर्मन लेखकांना ‘इतर देशांबद्दल चांगले लिहा’ असे सांगून काम संपवले नाही. ज्या देशांना शत्रू म्हटले गेले होते, त्या देशांतील लोकांनी स्वतःच्या मुलांसाठी लिहिलेली पुस्तके त्यांनी जर्मन मुलांसमोर ठेवली.

आरसा आणि खिडकी

दुसरा धडा अमेरिकेतील काळ्या समाजाकडून मिळतो. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. 1946 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ड्यू बॉइस यांच्यात पत्रव्यवहार झाला होता. याच ड्यू बॉइस यांनी त्याच्या 26 वर्षे आधी, जानेवारी 1920 मध्ये, ‘द ब्राउनीज बुक’ हे काळ्या मुलांसाठीचे मासिक सुरू केले. लेखिका जेसी फॉसेट त्याचे साहित्यिक काम सांभाळत. त्या काळी मुलांच्या पुस्तकांत काळा माणूस आला तर नोकर किंवा विदूषक म्हणूनच बहुधा यायचा. त्यामुळे आपल्याच मुलांना स्वतःच्या रंगाची लाज वाटू लागते, हे ड्यू बॉइस यांनी ओळखले होते. मासिक दोनच वर्षे चालले, पण पुढे मोठे कवी झालेल्या लँगस्टन ह्यूज यांच्या सुरुवातीच्या कविता तिथेच छापल्या गेल्या.

चाळीस वर्षांनंतरही चित्र फारसे बदलले नव्हते. नॅन्सी लॅरिक यांनी 1962 ते 1964 या काळात निघालेली पाच हजारांहून अधिक मुलांची पुस्तके तपासली. त्यांपैकी फक्त 6.7 टक्के पुस्तकांत एक तरी काळे पात्र होते. 1965 मध्ये हा लेख आला आणि त्यावर मोठी चर्चा झाली. लॅरिक यांनी असेही दाखवून दिले, की यात नुकसान गोऱ्या मुलांचेही होते. फक्त स्वतःसारखीच माणसे पाहून वाढणाऱ्या मुलाला जग आपल्यापुरतेच आहे असे वाटू लागते.

1990 मध्ये रूडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी हे सारे तीन शब्दांत मांडले. पुस्तक आरसा असते, खिडकी असते आणि सरकते काचेचे दारही असते. आरशात मूल स्वतःला पाहते, खिडकीतून दुसऱ्याचे घर पाहते आणि दार सरकवून त्या घरात पाऊल टाकते. काही मुलांना आयुष्यभर आरसेच मिळतात, काहींना फक्त खिडक्या. दोघांचेही शिक्षण अर्धेच राहते.

ही मांडणी आपल्या वस्तीला लावून बघा. महानगरपालिकेच्या एकाच वर्गात बौद्ध, मातंग, मुस्लिम, वडार, बंजारा आणि उत्तर भारतातून आलेल्या कामगारांची मुले बसतात. वाचनवर्गातील गोष्टींच्या पुस्तकांत ‘आपल्यासारखे घर’ शोधायला आम्ही मुलांना सांगतो, तेव्हा शोध लांबतो. पुस्तकातल्या घरात बहुधा स्वतंत्र खोल्या असतात, अंगण असते, आजी देवघरात असते, बाबा ऑफिसला जातात. पत्र्याचे छप्पर, सामायिक नळ, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो, रात्रपाळी करून सकाळी झोपणारा बाप, धुणीभांड्याला जाणारी आई ही घरे क्वचित येतात. आली तरी ‘गरीब’ हा शिक्का घेऊन येतात. आणि ज्यांना पुस्तकातले घर आपलेच वाटते, त्या मुलांना आपल्या शहरात दुसरी घरे आहेत हे कळतच नाही.

राज्यांमधले अंतर आणि गल्ल्यांमधले अंतर

मराठीत हा विचार नवा नाही. साने गुरुजींनी जागतिक साहित्यातील कथा मराठी मुलांना सांगितल्या. भारतातील भाषांनी एकमेकींना समजून घ्यावे म्हणून ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली. याच साने गुरुजींनी मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले होते, हेही विसरू नये. 1957 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय पुस्तक न्यासाने ‘नेहरू बाल पुस्तकालय’ या मालेतून एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत मुलांपर्यंत पोचवले. स्वस्त किमतीची ही पुस्तके आजही अनेक शाळांच्या कपाटांत सापडतात.

या प्रयत्नांमुळे मराठी मुलाला केरळची होडी आणि आसामचा चहामळा माहीत झाला. पण एकाच गावातील दोन आळ्यांमधले अंतर त्याहून अवघड आहे. ‘विविधतेत एकता’ सांगणारे पुस्तक राज्याराज्यांचे पोशाख, सण आणि खाद्यपदार्थ दाखवते. पारधी, कैकाडी, मातंग, डवरी गोसावी यांच्या जगण्याला त्या पानावर जागा नसते. कारण तिथे फक्त वेगळेपण नाही, तिथे उतरंड आहे.

समाजशास्त्रात हा फरक महत्त्वाचा मानतात. दोन संस्कृती शेजारी उभ्या असतात तेव्हा त्या समान उंचीवर असतातच असे नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिशांनी कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. हा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण ‘पारधी म्हणजे चोर’ हे वाक्य रद्द झाले नाही. अशा समाजाबद्दल मुलांसाठी लिहिताना फक्त त्यांची वेशभूषा आणि त्यांचे सण सांगितले, तर मुलाला माहिती मिळेल, समज मिळणार नाही.

अभ्यास काय सांगतो?

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. दोन गटांतील माणसे नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्यासाठी चार अटी लागतात: त्या भेटीत दोघांचा दर्जा समान असावा, दोघांचे उद्दिष्ट एक असावे, ते गाठण्यासाठी सहकार्य करावे लागावे आणि त्या भेटीला कायद्याचा, शिक्षकांचा किंवा वडीलधाऱ्यांचा पाठिंबा असावा. मालक आणि मोलकरीण रोज भेटतात, तरी पूर्वग्रह जात नाही. कारण पहिलीच अट तिथे मोडलेली असते.

पण जिथे प्रत्यक्ष भेटच होत नाही तिथे काय करायचे? 2006 मध्ये ब्रिटनमधील अभ्यासकांनी 5 ते 11 वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्लिश मुले आणि निर्वासित मुले यांच्या मैत्रीच्या गोष्टी या मुलांना काही आठवडे वाचून दाखवल्या आणि त्यावर गप्पा मारल्या. गोष्टी ऐकलेल्या मुलांचा निर्वासितांकडे बघण्याचा दृष्टिकोन सुधारला. त्यात गोष्टींचे वेगवेगळे प्रकार होते. काहींमध्ये ‘आपण सगळी माणसेच, सगळी एकाच शाळेची’ एवढ्यावरच भर होता. सर्वाधिक परिणाम मात्र ज्या गोष्टींत दोन्ही ओळखी जपल्या होत्या त्यांचा झाला: ही दोघे एकाच शाळेची मुले आहेत, आणि त्यातला एक निर्वासित आहे, त्याची भाषा व घर वेगळे आहे.

मराठी लेखकांनी यावर विचार करायला हवा. आपल्याकडे चांगल्या मनाने लिहिलेल्या बहुतेक गोष्टी ‘जात-धर्म काही नसते, आपण सारे एक’ या वाक्याशी येऊन थांबतात. ज्या मुलाला रोज त्याची जात आठवण करून दिली जाते, त्याला हे वाक्य खोटे वाटते. ज्याला जातीचा चटका कधी बसलाच नाही, त्याला या वाक्यातून विषय संपवण्याची सोय मिळते.

एकच गोष्ट, दोन प्रकारे

उदाहरण घेऊ. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या भागात जातात. मुलेही सोबत जातात, कोप्यांमध्ये राहतात आणि वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत दाखल होतात किंवा शाळेबाहेर राहतात. समजा, बंजारा तांड्यावरची पूजा अशीच एका गावच्या शाळेत आली.

पहिल्या प्रकारे लिहिलेली गोष्ट अशी: पूजाचे कपडे मळलेले असतात. तिच्याजवळ कोणी बसत नाही. बाई सर्वांना समजावतात. समाधान तिला आपल्या डब्यातली पोळी देतो. पूजा हसते. गोष्ट संपते.

हेतू चांगला आहे. पण यात पूजा काहीच करत नाही, तिला फक्त मिळते. समाधान देणारा, ती घेणारी. तिची भाषा नाही, तिचे मत नाही, तिला येणारी एकही गोष्ट नाही. वाचणाऱ्या मुलाच्या मनात तिच्याविषयी दया येईल, आणि दया ही वरून खाली येणारी भावना आहे. वर्गातल्या खऱ्या पूजाला हे पुस्तक वाचून मान खाली घालावीशी वाटेल.

आता दुसरा प्रकार. वर्गाला गावाच्या शिवाराचा नकाशा काढायचा आहे. समाधानला गल्ल्या, देऊळ, दूध डेअरी ठाऊक आहे. पूजा पहाटे आईवडिलांसोबत टायरगाडीवर बसून फडात जाते, त्यामुळे कोणता फड तुटला, पाट कुठे वळतो, विहीर कुठल्या बांधाला आहे हे तिला माहीत आहे. विहिरीच्या जागेवरून दोघांत वाद होतो. दोघे जाऊन बघतात. विहिरीबाबत पूजा बरोबर निघते, ओढ्याबाबत समाधान. नकाशावर समाधान मराठी नावे लिहितो, पूजा त्याखाली गोरमाटीतले शब्द लिहिते. घरी आईला ती ‘याडी’ म्हणते, हे समाधानला तेव्हाच कळते. हंगाम संपतो आणि टोळी परत निघते. समाधान विचारतो, ‘तुझा तांडा कुठे काढू?’ नकाशावर तेवढी जागाच उरलेली नसते. मग दोघे त्याला दुसरा कागद जोडतात.

या गोष्टीत ऑलपोर्टच्या अटी आहेत, पण त्या कुठे बोलून दाखवलेल्या नाहीत. पूजाचे कष्ट आहेत, पण ती केविलवाणी नाही. ‘ती परत का गेली, इथेच शाळा का शिकली नाही?’ हा प्रश्न वाचणारे मूल स्वतःच विचारते. त्या प्रश्नावरूनच वर्गात खरी चर्चा सुरू होते.

‘भीमायन’कडून शिकण्यासारखे

दोन समाजांनी मिळून पुस्तक केले तर काय होते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे 2011 मध्ये ‘नवयान’ने प्रकाशित केलेले ‘भीमायन’. बाबासाहेबांच्या आयुष्यातील अस्पृश्यतेचे अनुभव सांगणारे हे चित्रपुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारले. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे. लहानग्या भीमाचा कोरेगावचा प्रवास, मसूर स्टेशन, बैलगाडी आणि न मिळालेले पाणी, हे सारे त्यात आहे.

व्याम दांपत्याने चित्रकथेच्या ठरलेल्या चौकटी वापरायला नकार दिला. माणसांना डब्यात कोंडणे त्यांच्या कलेत बसत नव्हते. गोंडांच्या भिंतींवरील ‘डिगना’ नक्षीने त्यांनी पाने विभागली. प्रेमळ बोलण्याचे फुगे त्यांनी पक्ष्याच्या आकाराचे काढले आणि जातीचे विष असलेल्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी दिली. अजून नीट वाचता न येणारे मूलही कोणाचे बोलणे डसते ते नुसत्या चित्रावरून ओळखते. दलित समाजाची गोष्ट आदिवासी कलेत आली आणि दोघांपैकी कोणाचीही ओळख पुसली गेली नाही.

गोष्टीसोबत माणसांचे नावही गेले पाहिजे

गोष्टी फार लांब जातात, हे बौद्ध परंपरेइतके क्वचितच कोणी अनुभवले असेल. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा मध्य आशियातून अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशा भाषांत फिरत युरोपात पोचली आणि तिथे बारलाम व जोसाफत या ख्रिस्ती संतांची कथा झाली. ‘जोसाफत’ हे ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचेच बदललेले रूप आहे. रोमन कॅथलिक चर्चच्या संतांच्या यादीत त्यांचा दिवस 27 नोव्हेंबर असा नोंदला गेला. कित्येक शतके युरोप या संताला मानत राहिला, पण ही बुद्धाची कथा आहे हे तिथल्या सामान्य माणसाला माहीत नव्हते. गोष्ट पोचली, पण ती ज्यांची होती त्यांची ओळख वाटेतच गळाली. त्यामुळे दोन समाजांत समज वाढली असे म्हणता येत नाही.

हेच आज लहान प्रमाणावर होते. भिल्ल, कोरकू किंवा माडिया समाजातील एखाद्या आजीने सांगितलेली गोष्ट पुस्तकात ‘एक लोककथा’ म्हणून छापली जाते. कोणत्या समाजाची, कोणत्या भागातली, कोणी सांगितली याचा पत्ता नसतो. मूळ शब्द काढून प्रमाण मराठी शब्द बसवले जातात. म्हणून आमचा आग्रह असा: पुस्तकावर समाजाचे नाव, गावाचे नाव आणि सांगणाऱ्या व्यक्तीची तयारी असेल तर तिचेही नाव छापा. मानधन आणि प्रती तिच्यापर्यंत पोचवा. मूळ भाषेतील दहा-बारा शब्द तरी गोष्टीत तसेच राहू द्या.

मुलांना अन्याय सांगावा का?

कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा प्रश्न नेहमी येतो. काही पालक म्हणतात, इतक्या लहान वयात जात कशाला? आमचे उत्तर साधे आहे. ज्याला ती भोगावी लागते, त्याला वयाची सूट मिळत नाही. कोरेगावच्या प्रवासात बाबासाहेब नऊ वर्षांचे होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. मुलांना अन्याय कळतो, आणि तो त्यांना मांडताही येतो.

प्रश्न ‘सांगावा का’ हा नसून ‘कसा सांगावा’ हा आहे. रक्त आणि मारहाणीची चित्रे सहा वर्षांच्या मुलाला फक्त घाबरवतात. पण ‘माठाला हात लावू नको’ हे वाक्य, खेळातून वगळले जाणे, नाव विचारल्यावर आडनावही विचारले जाणे, या गोष्टी त्याच्या जगातल्याच आहेत. त्या दाखवाव्यात आणि त्यांच्यापुढे उभे राहणारे मूलही दाखवावे. शेवटी एखादे उदार मोठे माणूस येऊन सगळे ठीक करते, असा शेवट टाळावा. प्रश्न सुटला नाही तरी चालेल; गोष्टीतल्या मुलाची मान ताठ राहिली पाहिजे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आरसा हवा हे आपण हक्काने मागतो, आणि ते योग्यच आहे. पण खिडकीची जबाबदारी आपल्यावरही आहे. आपल्या वस्तीतील मुलेही पारधी मुलांविषयी, मुस्लिम शेजाऱ्यांविषयी, परप्रांतीय कामगारांविषयी ऐकीव वाक्ये बोलतात. समतेचा वारसा सांगणाऱ्या घरात ती वाक्ये तशीच सोडून देता येणार नाहीत.

कामाला सुरुवात कशी करावी?

मुलांचे पुस्तक करायला मोठी संस्था लागतेच असे नाही. सोळा पानांचा एक फर्मा एवढ्यात छोटी चित्रगोष्ट उत्तम बसते. प्रत्येक पानावर दोन-तीन वाक्ये आणि टाइप मोठा. आधी साध्या कागदांना घड्या घालून, मधोमध पिना मारून हाताने डमी तयार करा. कोणत्या पानावर काय येते, पान उलटताना उत्सुकता राहते का, हे डमीतच कळते. चित्रे वस्तीतल्याच मुलामुलींकडून काढून घ्या. कला शाखेत शिकणारी आपली मुले आता कमी नाहीत. छपाईला पैसे नसतील तर ‘प्रथम बुक्स’चे ‘स्टोरीवीव्हर’ हे 2015 पासून चालणारे संकेतस्थळ आहे. तिथली पुस्तके खुल्या परवान्याखाली आहेत, त्यामुळे ती मोफत वाचता, छापता आणि आपल्या बोलीत भाषांतरितही करता येतात.

लिहिण्याआधी ज्या समाजाविषयी लिहायचे आहे त्या समाजातील मुलांशी आणि आयाबायांशी बोला. सहलेखक त्याच समाजातला मिळाला तर सर्वांत चांगले. मसुदा झाल्यावर तो दोन ठिकाणी वाचा: ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या मुलांमध्ये आणि ज्यांना ते समाज माहीत नाहीत त्या मुलांमध्ये. पहिल्या ठिकाणी मुले खाली बघू लागली किंवा दुसऱ्या ठिकाणी हसू लागली, तर मसुदा बदला. छापण्याआधी हे प्रश्न स्वतःला विचारा:

- गोष्टीत निर्णय कोण घेते? नेहमी एकाच समाजाचे मूल का?
- मुस्लिम पात्र फक्त ईदला आणि आदिवासी पात्र फक्त नाचताना येते का?
- चित्रात काळा रंग आणि मळके कपडे कोणाच्या वाट्याला आलेत?
- या समाजाची भाषा कानावर पडते का, की सगळे एकच मराठी बोलतात?
- वाचणाऱ्या मुलाला पात्राची कीव येईल की त्याच्याशी खेळावेसे वाटेल?
- ज्यांची गोष्ट आहे त्यांच्या घरात हे पुस्तक अभिमानाने ठेवले जाईल का?

पुस्तक छापून कपाटात ठेवले तर सगळी मेहनत वाया. आपल्या विहारांत आणि अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके भरपूर असतात, महामानवांची चरित्रे असतात. सात वर्षांच्या मुलाच्या उंचीवर लावलेला एक कप्पा मात्र क्वचित दिसतो. जयंतीच्या वर्गणीतून दरवर्षी थोडी रक्कम त्यासाठी बाजूला काढता येईल. निम्मी पुस्तके आपल्या मुलांना स्वतःचे घर दाखवणारी घ्यावीत, निम्मी दुसऱ्यांचे. आठवड्यातून एक तास मोठ्याने वाचन करावे आणि शेजारच्या वस्तीतील मुलांनाही बोलवावे. पुढच्या आठवड्यात आपल्या मुलांनी त्यांच्याकडे जावे.

वर्षभरात प्रत्येक तालुक्यातील एका गटाने एक सोळा पानी पुस्तक जरी केले, तरी आज मराठीत नसलेली कितीतरी घरे मुलांच्या हाती येतील. त्यांतले एखादे घर डवरी गोसाव्याच्या पालाचे असावे. बाजाराच्या दिवशी गावात अनोळखी माणसे दिसली, की एखाद्या मुलाने पुढे होऊन विचारावे, ‘तुम्ही कोणत्या गावचे?’